पक्षी पाळायचे तर किडेही पाळावे लागतील



विज्ञान कक्षात ठेवलेल्या अळ्यांच्या डब्याविषयी काही पालकांची पत्रे आली आहेत. मुलांनी पक्ष्यांना दाणे घालावेत, येथपर्यंत ठीक आहे. पण शाळेने किडे का पाळावेत, असा त्यांचा प्रश्न आहे. येत्या पालक-शिक्षक सभेत हा डबा ठेवायचा की काढायचा, ते ठरेल. त्यापूर्वी माझे मत स्पष्ट मांडतो. डबा राहावा. तो काढायचाच असेल, तर पक्षिघरात पिल्ले होऊ देणेही थांबवावे.

आपल्या पक्षिघरात झेब्रा फिंच आहेत. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा लहानसा पक्षी. बाजरी, राळा असे बारीक दाणे हे त्याचे मुख्य अन्न. पण घरट्यात पिल्ले आली की प्रथिनांची गरज वाढते आणि नुसत्या सुक्या दाण्यांवर पिल्ले नीट भरत नाहीत. आपल्या चिमणीचेच पाहा. मोठी चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना पहिल्या दिवसांत मुख्यतः अळ्या-किडेच भरवते. तिला अंगणात, झाडाझुडपांत किडे शोधायची मोकळीक असते. पक्षिघरातल्या आईची ही मोकळीक आपण जाळी लावून काढून घेतली. तेव्हा जाळीच्या आत काय पोहोचते, याची जबाबदारी आपलीच आहे.

काहींनी उकडलेले अंडे सुचवले. ते चांगलेच अन्न आहे, मोड आलेले दाणेही चांगले. पण इंदूरच्या मे महिन्यात कुस्करलेले अंडे काही तासांत खराब होते. जिवंत अळी तशी खराब होत नाही. शिवाय तिला शोधून टिपण्यात पक्ष्याला काम मिळते. दिवसभर एका दांडीवर बसून राहणाऱ्या पक्ष्याला अन्नाइतकीच कामाचीही गरज असते.

आता किळस. डब्यात आहेत ते मीलवर्म, म्हणजे एका काळ्या भुंग्याच्या अळ्या. आपल्या पिठात होणारे तांबडे बारीक किडे याच कुळातले. डब्यात घाण, सडके काही नसते. गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला बारीक जाळी, आत चार बोटे गव्हाचा कोंडा, ज्याला आपल्याकडे दुकानात चोकर म्हणतात, आणि ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची फोड. पाण्याची वाटी ठेवायची नाही. कोंडा भिजला की बुरशी येते. फोड सुकण्याआधी बदलायची, आणि भाजी धुऊनच घ्यायची, कारण तिच्यावरची औषधे अळीतून पक्ष्याच्या पोटात जातात. कोंड्याची धूळ काहींना बाधते, म्हणून चाळताना तोंडाला रुमाल बांधायचा आणि दम्याचा त्रास असणाऱ्या मुलांनी हे काम करायचे नाही.

अंडे, अळी, कोष, भुंगा हे चक्र पूर्ण व्हायला साधारण तीन ते पाच महिने लागतात. थंडीत ते रेंगाळते आणि कडक उन्हाळ्यात डबा गार खोलीत न्यावा लागतो. फिंचसाठी लहान अळ्या निवडायच्या. नुकतीच कात टाकलेली अळी पांढरी आणि मऊ असते, ती उत्तम. एका जोडीला दिवसाला चार-पाच पुरतात, कारण या अळ्यांत चरबी जास्त आणि कॅल्शियम कमी असते. म्हणून पक्षिघरात समुद्रफेनाचा तुकडा टांगलेला हवाच. याहून सोपा उपाय म्हणजे केळ्याची साल घातलेली बरणी. तोंडावर भोके पाडलेला कागद बांधायचा; फळमाश्या आत शिरतात, अंडी घालतात, आणि उबदार हवेत दहा-बारा दिवसांत नवी पिढी बाहेर येते. ती बरणी पक्षिघरात उघडी ठेवायची.

घरच्या पद्धती जगभर आहेत. आफ्रिकेतल्या टोगो, बुर्किना फासो या देशांत शेतकरी ओला काडीकचरा आणि शेण भरलेले मडके वाळवीच्या बिळावर उपडे घालतात आणि जमलेली वाळवी कोंबड्यांच्या पिल्लांना देतात. आपल्या वस्तीत मात्र वाळवी वापरू नका. घराघरात तिच्यावर विष मारलेले असते. सडक्या मांसावरच्या अळ्याही नकोत. त्यांतून पक्ष्यांना जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

सर्वांत गंभीर आक्षेप अहिंसेचा आहे. त्याची मी थट्टा करणार नाही. ज्या घरांत हे मान्य नाही, तिथल्या मुलांवर सक्ती नाही. त्यांनी दाणे भिजवावेत, पाण्याची भांडी घासावीत. पण पक्षी पाळायचा आणि त्याचे अन्न आपल्या डोळ्यांआड व्हावे असे म्हणायचे, ही अहिंसा नव्हे, ती फक्त सोय आहे. मुले अळी मोजून देतात, गरजेपेक्षा एकही जास्त देत नाहीत, उरलेल्यांना गाजर घालतात. जिवाची किंमत त्यांना इथे जास्त कळते.

एक सूचना महत्त्वाची. किडे मिळू लागले म्हणून कोणी रानातला पक्षी घरी आणू नये. पोपट, मैना, मुनिया, तीतर यांना पकडणे व पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली गुन्हा आहे. पिल्लू खाली पडलेले दिसले, तर शक्य असल्यास घरट्यात किंवा जवळच्या फांदीवर ठेवावे. त्याची आई जवळच असते. आपले पक्षी पाहायचे तर सिरपूर तलावावर किंवा यशवंत सागरवर जावे. दोन्ही जागांना 2022 मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले आहे. तिथे किडे पुरवायची गरज नाही, फवारा न मारणे पुरेसे आहे.

माझा खरा प्रश्न डब्याचा नाही, सुट्टीचा आहे. दिवाळीत आणि उन्हाळ्यात फोड बदलायला, दाणे-पाणी द्यायला रोज कोणीतरी शाळेत यावे लागेल. आजवर हे काम शिपाईकाकांवर पडले. ते आता आठवी-नववीच्या मुलांनी पाळीपाळीने करावे, अशी माझी सूचना आहे. जितक्या मुलांची नावे येतील, तितक्याच जोड्या आपण ठेवू. म्हणून पालकांनो, सभेला येताना आपल्या मतासोबत आपल्या मुलाच्या पाळीचे दिवसही लिहून आणावेत, ही विनंती.

आपला,
प्राचार्य