घाताची खूण नसलेली भाषा आणि तीस दिवसांच्या कवड्या

१/
नाशिकच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रथम वर्षाचा विद्यार्थी सी भाषेत पहिल्यांदाच २^५ असे लिहितो आणि ३२ ची वाट पाहतो. पडद्यावर उमटते ७. यंत्र बिघडलेले नसते. सी भाषेत त्या टोपीसारख्या खुणेचा अर्थ ‘घात’ असा नाहीच. ती खूण दोन संख्यांचे द्विमान अंक एकमेकांशी ताडून पाहते. ०१० आणि १०१ यांच्यात तिन्ही जागी फरक, म्हणून १११, म्हणजे ७.

२/
डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या या भाषेत घातासाठी स्वतंत्र चिन्ह नाही. सोबतच्या ग्रंथालयात तयार फलन आहे, पण ते दशांशी संख्यांवर चालते. ३ चा ४० वा घात आहे १२१५७६६५४५९०५६९२८८०१. हा विषम आकडा त्या साठवणुकीत नेमका मावत नाही. शेवटचे अंक बदलतात. अचूक पूर्णांक हवा असेल, तर विद्यार्थ्याने रीत स्वतः रचली पाहिजे.

३/
येथे दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक, ‘ही भाषाच अपुरी आहे.’ दुसरी, समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांतून येणारी: ‘आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता.’ दोन्ही प्रतिक्रिया मूळ गोष्टीला बगल देतात. पूर्वजांकडे यंत्र नव्हते. त्यांच्याकडे जे होते ते अधिक मोलाचे: चिन्ह नसताना हाताशी असलेल्या साधनांतून रीत उभी करण्याची सवय. नाशिक आणि त्याचा शेजार या सवयीचा साक्षीदार आहे.

४/
प्रारंभ त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांपासून, म्हणजे पांडवलेण्यांपासून करावा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे तेथील लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. त्यांत संख्या शब्दांत आहेत आणि अंकांतही. मात्र त्या अंकलेखनात शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे. हजाराच्या चिन्हाला आठाचे चिन्ह जोडले की आठ हजार, सत्तराचे जोडले की सत्तर हजार. दहाचा प्रत्येक घात म्हणजे एक नवी आकृती.

५/
तरीही हिशेब चोख आहे. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे व्याज २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे. सरळव्याजाच्या या जगात घाताची गरजच पडत नाही. गरज पडते ती वाढीवर वाढ चढू लागली की.

६/
त्या वाढीचा हिशेब पाहण्यासाठी सुमारे हजार वर्षे पुढे आणि नाशिक जिल्ह्याच्या सीमेपलीकडे थोडे सरकावे लागते. शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग मानला जातो. त्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने असल्याचे सांगितले आहे. ते नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यांच्या घराण्याचा शिलालेख नाशिकच्या नांदगाव तालुक्याला लागून असलेल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटण येथे आहे.

७/
‘लीलावती’तील एक उदाहरण असे: एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले. महिनाभरात किती निष्क दिले गेले? उत्तरासाठी २ चा ३० वा घात हवा. त्यातून एक वजा करून दुप्पट केली की एकूण कवड्या मिळतात. साध्या वाटेने गेल्यास २९ गुणाकार करावे लागतात. भास्कराचार्य ती वाट सांगत नाहीत.

८/
त्यांची रीत अशी. दिवसांची संख्या विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ असे टिपावे. सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ असे टिपावे. शून्य येईपर्यंत हेच करावे. मग टिपण शेवटाकडून वाचीत यावे: ‘गुण’ आला की गुणकाने गुणावे, ‘वर्ग’ आला की आलेल्या संख्येचा वर्ग करावा. या रीतीला फक्त गुणाकार, निम्मे करणे आणि सम-विषम ओळखणे पुरते. हे तिन्ही सी भाषेत आहे.

९/
३० घेऊन पाहावे. ३० सम: वर्ग, उरले १५. गुण, १४. वर्ग, ७. गुण, ६. वर्ग, ३. गुण, २. वर्ग, १. गुण, ०. आता उलट्या क्रमाने: २, वर्ग ४, गुण ८, वर्ग ६४, गुण १२८, वर्ग १६३८४, गुण ३२७६८, वर्ग १०७३७४१८२४. पहिले २ घेतल्यानंतर केवळ सात गुणाकार. आजच्या संगणकशास्त्राच्या वर्गात ‘वर्ग करा आणि गुणा’ या अर्थाच्या नावाने जी कृती शिकवली जाते, ती हीच.

१०/
एकूण कवड्या २१४७४८३६४६. म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४७४८३६४७, यापेक्षा फक्त एकाने जास्त. यात भविष्यकथन नाही. दोन्हीकडे दोनाचा ३१ वा घात आहे आणि महिन्याचे दिवस तीस आहेत, एवढेच. योगायोगाला योगायोग म्हणणे हा इतिहासप्रेमाचा पहिला नियम असावा.

११/
श्रेयाबाबतही हाच काटेकोरपणा हवा. ही रीत भास्कराचार्यांच्या आधीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात, लघु-गुरू अक्षरांचे किती प्रकार संभवतात हे मोजताना, दोनाच्या घातासाठी निम्मे करण्याची हीच युक्ती येते. डोनाल्ड नुथ यांनी संगणकीय कृतींवरील आपल्या विख्यात ग्रंथात या रीतीचा इतिहास देताना पिंगलाचा उल्लेख केला आहे आणि १५ व्या शतकातील अल्-काशी यांचाही. पिंगलाला नुथ यांनी दिलेले हे स्थान पुरेसे भक्कम आहे. त्याला अतिशयोक्तीचा टेकू नको.

१२/
रीत टिकते ती शिकवल्याने. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. पितामहांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणला मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्यास दान दिले. शिलालेखाचा दानविषयक भाग प्राचीन मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. गणित शिकवण्याच्या खर्चाची तजवीज दगडावर कोरून ठेवणारा हा प्रदेश आहे, ही गोष्ट कोणत्याही फिरत्या संदेशापेक्षा अधिक अभिमानाची.

१३/
हीच सवय विसाव्या शतकात देवळालीत दिसते. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत तेथे शाळामास्तर होते. हाताशी यंत्र नव्हते; कागद आणि पेन्सिल होती. त्यांनी वर्गसंख्यांचे अंक न्याहाळले. ४५ चा वर्ग २०२५. २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. ४८७९ चा वर्ग २३८०४६४१; २३८ अधिक ४६४१ पुन्हा ४८७९. अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

१४/
या कामाला देशातील अनेक गणितज्ञांनी करमणूक मानून बाजूला सारले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. प्राचीनांविषयी नसलेले दावे करायचे आणि शेजारच्या शाळेतील खऱ्या संशोधकाकडे पाहायचे नाही, या दोन्ही चुका एकाच मुळातून येतात. संख्या स्वतः करून पाहण्याचा कंटाळा, हे ते मूळ.

१५/
‘तयार फलन असताना हा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. रोजच्या कामात तयार साधन वापरावे. परंतु आरएसए या कूटलेखन पद्धतीत २०४८ बिटांचे घातांक येतात. तेथे एकेक गुणाकार करीत गेल्यास विश्वाचे आयुष्यही पुरणार नाही. पायरीपायरीला शेष घेत ‘वर्ग’ आणि ‘गुण’ केल्यास ४०९६ पेक्षा जास्त गुणाकार लागत नाहीत. साधन वापरणाऱ्यांपैकी कोणाला तरी त्याच्या आतली रीत ठाऊक असावीच लागते.

१६/
म्हणून नाशिकच्या शाळा-महाविद्यालयांत मुले पहिला प्रोग्रॅम लिहितील तेव्हा त्यांना तीस दिवसांच्या कवड्यांचेच उदाहरण द्यावे. तयार फलन वापरायचे नाही, फक्त गुणाकार करायचा, एवढीच अट. उत्तर २१४७४८३६४६ आले की पाटण आणि देवळालीची नावे सांगावीत. घाताची खूण नसलेल्या भाषेत घात काढणारा विद्यार्थी या परंपरेत आपोआप येतो; वारशाच्या घोषणेने कोणी येत नाही.