परीक्षा मुलाची की राज्यकर्त्यांची?

पाचवीतील दहा-अकरा वर्षांच्या मुलास नापास करावे की करू नये, हा प्रश्न दिसावयास लहान आहे; परंतु देशाच्या शिक्षणविषयक धोरणाचा सारा पेच त्याच्या पोटात दडलेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती मनाई सैल झाली. पाचवीस व आठवीस वार्षिक परीक्षा, अपयश आल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि तीतही अपयश आल्यास मुलास मागे ठेवण्याची राज्यांना मुभा, असे नवे कलम आले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम त्यानुसार बदलले. केंद्राने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. त्याच महिन्यात ‘परख’ या संस्थेने तिसरी, सहावी व नववीच्या सुमारे २१ लाख विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी केली. आणि २०२५ मध्ये आमच्या राज्य सरकारने सीबीएसईच्या धर्तीवरील अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले. साऱ्या देशास एकच मोजपट्टी लावण्याकडे वाऱ्याचा रोख आहे, हे उघड आहे.

मोजपट्टीच नको, असे म्हणणारांशी आम्ही सहमत नाही. जुन्या कायद्याने मुलांस नापास करण्यास मनाई केली होती, तपासण्यास नव्हे. उलट सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन करावे, अशीच त्याची आज्ञा होती. प्रत्यक्षात त्या मूल्यमापनाचे रकाने भरण्याचे काम तेवढे उरले आणि मूल न वाचता, न गुणाकार करता एकेक इयत्ता चढत गेले. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले निम्म्याहूनही कमी, सुमारे ४५ टक्केच आढळली. ‘परख’च्या पाहणीत ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावू शकणारी तिसरीची मुले अवघी ५५ टक्के निघाली. हे आकडे कोणी मोजलेच नसते, तर आपण सारे अद्याप पटसंख्येच्या आनंदात मश्गुल राहिलो असतो. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तमिळनाडू व हिमाचल प्रदेश तळाशी गेले, तेव्हा प्रश्न आपल्या मुलांच्या परिस्थितीस धरून नव्हते अशी तक्रार करून भारत २०१२, २०१५ व २०१८ च्या फेऱ्यांपासून दूर राहिला. तक्रारीत तथ्य असेलही. परंतु आरसा भिंतीकडे फिरवून ठेवल्याने चेहरा उजळत नाही.

मात्र मोजणे निराळे आणि मोजमापावर शिक्षा व बक्षिसे टांगणे निराळे. या दोहोंतील अंतर विसरल्यास काय होते, ते अमेरिकेने दाखवून दिले आहे. ‘एकही मूल मागे राहू नये’ या आशयाचे नाव धारण करणाऱ्या तेथील कायद्यावर जानेवारी २००२ मध्ये स्वाक्षरी झाली. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी आणि २०१४ पर्यंत झाडून सारी मुले प्रवीण, असे त्याचे उद्दिष्ट होते. मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाई ठरलेली होती. त्या कायद्याची एक गोष्ट मोलाची होती: गरीब व कृष्णवर्णीय मुलांचे निकाल वेगळे मांडावे लागल्यामुळे सरासरीच्या पडद्याआड कोणास लपता येईना. परंतु कारवाईचे भय पुढे आले, तशी काही राज्यांनी आपली प्रावीण्याची पातळीच खाली आणली; चाचणीत नसलेले विषय मागे पडले; आणि अटलांटा शहरात तर शिक्षक व अधिकाऱ्यांनीच उत्तरपत्रिकांतील उत्तरे बदलल्याचे उघडकीस येऊन २०१५ मध्ये अकरा जणांवर गुन्हे सिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने तो कायदा बदलला. चाचण्या राहिल्या, कारवाईचा निर्णय मात्र बहुतांशी राज्यांकडे सोपविण्यात आला.

हा धडा घेण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरविण्याची रीत इंग्लंडने १८६२ मध्ये सुरू केली आणि मुंबई इलाख्यातही ती आली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. अशिक्षित व गरीब लोकांत शिक्षणाचा प्रसार करण्यास ही निकालपद्धती मुळीच योग्य नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आणि प्राथमिक शिक्षकास दरमहा किमान बारा रुपयांचा पगार असावा, अशी मागणी केली. यातील मर्म असे की, ज्या घरात पाटी-पेन्सिल प्रथमच येत आहे, तेथे निकाल हा शाळेचा आरंभ असू शकत नाही. आधी शिक्षक उभा करावा लागतो. इंग्लंडनेही ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडीत काढली.

आता आमच्या पाचवीच्या परीक्षेकडे या दृष्टीने पाहावे. त्या परीक्षेत नापास कोण होणार? ज्याच्या घरी शिकवणी लावण्याची ऐपत आहे, तो नव्हे. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जाणारे आणि हंगाम संपल्यावर परतणारे बीड जिल्ह्यातील मूल नापास होईल. दोन-दोन इयत्ता एकाच गुरुजींच्या हाती असलेल्या वस्तीवरील मूल नापास होईल. फेरपरीक्षेसाठी दिलेले दोन महिने बहुधा उन्हाळ्याच्या सुटीतच संपणार. त्या काळात त्याला शिकविणार कोण? वर्षभर ज्या रीतीने शिकवून त्याला काही आले नाही, त्याच रीतीने त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसविल्यास ते येईल कसे? याचे उत्तर दिल्यावाचून मागे ठेवण्याचा शेरा मारणे म्हणजे आपल्या कसुरीची शिक्षा बालकास देणे होय.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. राष्ट्रीय दर्जा अवश्य ठरावा. खेड्यातील मुलास शहरातील मुलाहून कमी येऊन चालेल, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. त्या दर्जाची तपासणी नमुना-पाहणीने व्हावी आणि तिचे निकाल राज्यकर्त्यांना जाब विचारण्यासाठी वापरले जावेत. शिक्षकाचा पगार किंवा शाळेचे अनुदान त्यांवर टांगले जाऊ नये. वर्गातील चाचणी शिक्षकाच्या हाती राहावी व तिचा उपयोग मुलाचे अडले कोठे, हे कळण्यापुरता असावा. एखाद्या मुलास मागे ठेवावयाचेच असेल, तर त्यापूर्वी त्याला कोणती जादा मदत, कधी व कोणी दिली, याची लेखी नोंद शाळेने दाखवावी. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी प्रश्न मराठीतच रचले जावेत. इंग्रजीतून उतरविलेल्या अवघड वाक्यांपाशी अडखळलेल्या मुलास गणित येत नाही, असे ठरविणे अन्याय्य आहे. आणि अभ्यासक्रम कोणत्याही धर्तीचा असो, रिक्त जागी शिक्षक नेमल्यावाचून व असलेल्या शिक्षकांची अशैक्षणिक कामांतून सुटका केल्यावाचून पुस्तकांची मुखपृष्ठे तेवढी बदलतील.

मुलांची परीक्षा घेण्याचा अधिकार सरकारास आहे. परंतु निकाल लागेल त्या दिवशी गुणपत्रिकेच्या पहिल्या रकान्यात मुलाच्या नावाआधी सरकारने काय दिले, हे लिहिले गेले पाहिजे. शिक्षक दिला काय? पुस्तके वेळेवर दिली काय? स्थलांतरित मुलामागे शाळा गेली काय? या तीन प्रश्नांत जे सरकार उत्तीर्ण होईल, त्यानेच पाचवीच्या मुलास नापास करण्याची भाषा करावी.