भाडेकरूच्या ताटात डोकावणं आता पुरे



आज जे लिहिते आहे ते काहींना झोंबेल. पण मनात ठेवून मनच खराब होतं, म्हणून लिहिते.

मागच्या वर्षी जूनपासून सहा महिने मी मुलाकडे जिनिव्हाला होते. स्वित्झर्लंडचं नव्हे, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं. शिकागोच्या पश्चिमेला साठेक किलोमीटरवर, फॉक्स नदीकाठचं हे छोटं गाव १८३०च्या दशकात वसलेलं. थर्ड स्ट्रीटवर जुन्या राहत्या घरांमध्येच दुकानं थाटलेली. शिकागोला जायला लोकल आहे. जुन्या भागातल्या घराचं बाहेरचं रूप बदलायचं तर नगरपालिकेच्या वारसा समितीची परवानगी लागते.

अशाच एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर मुलगा-सून भाड्याने राहतात. खाली सत्तरीच्या मालकीणबाई. जिना करकरतो, खिडक्यांच्या फटींतून गार वारा येतो, आणि पायऱ्यांवरचा बर्फ काढायचं काम करारानुसार भाडेकरूचं. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून मी चारलाच जेवून घ्यायची. दर्शनाला बार्टलेटचं जैन मंदिर गाडीने जाण्यासारखं जवळ. काही अडलं नाही.

एकदा सुनेला सहज विचारलं, "घर देताना बाईंनी काय काय विचारलं गं?"

"पगाराची स्लिप, क्रेडिट रिपोर्ट, आधीच्या घरमालकाचा नंबर, कुत्रा-मांजर आहे का, एवढंच."

"आणि तुम्ही काय खाता ते?"

ती हसली. "आई, ते कशाला विचारतील?"

मी गप्प बसले. कारण दोनच वर्षांपूर्वी मी ते विचारलं होतं.

पुण्यात आमचा एक फ्लॅट आहे. एजंटने एक जोडपं आणलं होतं. ती नर्स, तो बँकेत. दोघं मूळचे रत्नागिरीकडचे. मी आधी आडनाव विचारलं, मग "नॉनव्हेज करता का?" मुलगी खरं बोलली, "रविवारी मासे करतो, काकू." मी हात जोडले आणि नाही म्हटलं. फ्लॅट पुढे सात महिने रिकामा राहिला. मी बी.कॉम. आहे, त्या तोट्याचा हिशेब मला येतो. पण त्या मुलीचा उतरलेला चेहरा कुठल्या खात्यात लिहायचा, ते अजून कळलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतले लोकच मोठ्या मनाचे. मुळीच नाही. तिथे घरांच्या खरेदीखतांत "काळ्या माणसाला विकायचं नाही" अशी कलमं वर्षानुवर्षं असत. १९४८ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की अशी कलमं न्यायालयं अंमलात आणणार नाहीत. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या गरीब वस्तीत भाड्याच्या घरात राहायला आले आणि घरांतला भेदभाव संपावा म्हणून मोर्चे काढले. मार्केट पार्कच्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. ४ एप्रिल १९६८ला त्यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारायचं नाही, असा हा कायदा. म्हणजे चांगुलपणा आपोआप आला नाही, त्यासाठी रक्त सांडलं.

आणि त्या कायद्यात पळवाटही आहे. मालक स्वतः राहतो अशा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या लहान घराला त्यातून बरीच सूट आहे. (वंशावरून नाकारायला मात्र १८६६च्या जुन्या कायद्याने तिथेही बंदी आहे.) म्हणजे फेअर हाउसिंग कायद्यापुरतं तरी आमच्या मालकीणबाईंना धर्म विचारून टाळता आलं असतं. त्यांनी टाळलं नाही. आमच्या हिंगाच्या फोडणीचा वास त्यांच्या खोलीत जायचा, आणि नोव्हेंबरात त्यांच्या टर्कीचा वास आमच्याकडे यायचा. त्या दिवशी मी खिडकी उघडली, णमोकार म्हटला, कामाला लागले. माझा धर्म बुडाला नाही. माझी चूल माझ्या ताब्यात होती, तेवढं पुरे होतं.

आपल्याकडे काहीजणी म्हणतात, "हा अहिंसेचा प्रश्न आहे." मी विचारते, कसा? आपण घर नाकारल्याने एक तरी मासा वाचला का? ती मुलगी दुसऱ्या घरात जाऊन तेच करणार. व्रत आपण स्वतः घ्यायचं असतं. भाडेकराराच्या कलमातून दुसऱ्याला द्यायचं नसतं. दारात आलेल्या माणसाला कमी लेखून परत पाठवणं, ही हिंसा नाही का?

आणखी खरं बोलू? पुष्कळदा ताटाचं निमित्त असतं. आपण आधी आडनाव विचारतो. आडनावावरून जात, धर्म ताडतो, आणि मग मासळीचं कारण पुढे करतो. मीही तेच केलं.

दुसरा आक्षेप, "घर आमचं, मर्जी आमची." ज्या घरात आपण राहतो, तिथलं स्वयंपाकघर कसं असावं हे जरूर ठरवा. पण गुंतवणुकीसाठी घेतलेल्या, ज्यात आपण पाऊलही ठेवत नाही त्या फ्लॅटचं काय? तिथे भाडं वेळेवर येतं का, भिंती नीट राहतात का, एवढंच बघायचं.

आपली मुलं न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, शिकागोत भाड्याने राहतात. तिथे कुणी त्यांचं नाव ऐकून दार लावलं तर आपण फोनवर रडू. मग इथे आपल्या दारातून परत जाणाऱ्या मुलीची आईही कुठेतरी फोनवर असते, हे आपल्याला का दिसत नाही? जमेला एक नियम आणि नावेला दुसरा, असा ताळेबंद जुळत नाही.

या महिन्यात फ्लॅट पुन्हा रिकामा होतोय. एजंटला सांगितलंय, नोकरी बघ, आधीच्या घरमालकाला विचार, पोलीस पडताळणी कर. आडनाव आणि ताट विचारू नकोस. तुमचाही फ्लॅट असेल तर एवढं एकदा करून बघा. पर्युषण संपताना "क्षमा करा" म्हणतो ना आपण सगळ्यांना? माझी एक क्षमा त्या नर्स मुलीकडे राहिली आहे.

जय जिनेंद्र.