विश्लेषण : मुंबई हायचा वायू रायगडात उतरतो, मग रॉयल्टी दिल्लीला का जाते?

पेणमधील रामवाडीच्या उत्तरेला उरणचा ओएनजीसी प्रकल्प, पश्चिमेला थळचा आरसीएफ खत कारखाना, दक्षिणेला रोहा तालुक्यातील नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प. हे तिन्ही उभे राहिले ते मुंबई हायच्या तेल-वायूमुळे. तिथे 1974 मध्ये तेल सापडले, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. मात्र त्याच्या रॉयल्टीतील एक रुपयाही महाराष्ट्राला मिळत नाही.

रॉयल्टी राज्याला का नाही?

राज्यघटनेच्या अनुच्छेद 297 नुसार समुद्राखालील खनिजांची मालकी केंद्राची आहे. जमिनीवरील विहिरींची रॉयल्टी राज्याला मिळते, म्हणून आसाम आणि गुजरातला ती मिळते. केंद्रीय करांतून महाराष्ट्राला वाटा मिळतोच की, असे कुणी म्हणेल. पण रॉयल्टी हा कर नाही, करेतर महसूल आहे. त्याची राज्यांत वाटणी होत नाही. कच्च्या तेलावरील उपकरही वाटणीबाहेरच राहतो.

मालकी केंद्राची असली, तर मार्गच नाही?

आहे. कॅनडातील अल्बर्टाचे तेल जमिनीखालचे, त्यामुळे रॉयल्टी प्रांताचीच. (भाव पडले की तिथले बजेटही कोलमडते, तो भाग वेगळा.) महाराष्ट्राशी जुळते ते न्यूफाउंडलंड. तिथले तेल समुद्रात आहे आणि 1984 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर केंद्राचा हक्क ठरवला. तरीही 1985 च्या करारानुसार, ते जणू जमिनीवरच सापडले आहे असे धरून महसूल प्रांताला देण्याचे ठरले. म्हणजे मालकी न बदलताही वाटणी बदलते. भारतात अडचण घटनेपेक्षा राजकीय इच्छेची जास्त आहे.

राज्याच्या हाती काय उरते?

मुख्यतः व्हॅट, कारण नैसर्गिक वायू अजून जीएसटीबाहेर आहे. तोही राज्याने 2022 मध्ये 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला. सीएनजी स्वस्त करण्यासाठी ते योग्यच होते, पण तिजोरीचा वाटा आणखी घटला.

मुंबई हाय आटले तर?

तेलाचे उत्पादन ऐंशीच्या दशकातील उच्चांकाच्या निम्म्याहून कमी झाले आहे. ते वाढवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी 2025 मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक मदतीसाठी निवड केली. कारखाने मात्र त्यावर विसंबून नाहीत. नागोठण्याला अमेरिकेतून दहेजला उतरणारे इथेन पाइपलाइनने येते. अलिबाग तालुक्यातील उसरच्या गेल प्रकल्पासाठीही बीपीसीएलच्या उरण टर्मिनलमधून आयात प्रोपेन घेण्याचा करार झाला आहे. त्यामुळे मुंबई हाय आटले तरी रायगडातील कारखाने चालू राहतील. रॉयल्टीचे तसे नाही. वाटणीची मागणी जितकी लांबेल, तितके वाटण्यासारखे तेल कमी उरेल.