पडलेलं पडलेलंच राहू द्या

हायडेलबर्गला राहायला आल्यापासून किल्ल्यावर गेले नाही असा एकही ऑक्टोबर नाही. वर जायला छोटी रेल्वे आहे, पण मी चालतच जाते. वाटेवर ओली पानं पडलेली असतात, पाय घसरतो, त्यामुळे आपोआप हळू चालणं होतं. वरून नेकार नदी, जुना पूल, तांबडी कौलं... फोटो सगळ्यांनी पाहिलेत, असो.

गेल्या वर्षी आईबाबा आले होते. बाबांनी विचारलं, "एवढा श्रीमंत देश, आणि हे अजून बांधून काढलं नाही?" आपल्याकडचे बहुतेक पाहुणे हेच विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

१६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच सैन्यानं हा किल्ला उद्ध्वस्त केला. पुढे डागडुजी झाली, तर १७६४ मध्ये वीज पडून आग लागली. मग गावकरीच घरांसाठी इथले दगड नेऊ लागले! ते थांबवायला धडपडला कोण, तर शार्ल द ग्रेमबेर्ग नावाचा एक फ्रेंच माणूस.

१९०० पर्यंत फ्रीडरिखबाऊ ही एक इमारत नव्यासारखी केली गेली. बाकीचंही बांधायचं का, यावर जोरदार वाद झाला. कला-इतिहासकार गेओर्ग देहिओ यांचं म्हणणं होतं, जतन करा, नव्यानं घडवू नका. शेवटी तसंच झालं, आणि बरं झालं. फ्रीडरिखबाऊ आतून देखणी आहे, पण तिथे १९०० च्या लोकांची कल्पनाच जास्त दिसते. शेजारच्या ओटहाइनरिखबाऊच्या वरच्या खिडक्यांतून थेट आभाळ दिसतं. आणि तो सुरुंगानं फुटलेला बुरूज! त्याचा भलामोठा तुकडा एकसंध घसरून खंदकात पडलाय, भिंतीची जाडी उघडी पडलीय. तो सांधला तर इथे काय घडलं हे कोण सांगणार?

बाबांच्या मनात खरा रायगड होता. २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून हा विषय आमच्या घरी फारच रंगतो. १८१८ च्या इंग्रजी तोफांनी जळालेला वाडा पुन्हा उभा राहावा, ही त्यांची इच्छा मला कळते. ती मायेतून आलेली आहे. पण जोती जपावीत, झुडपं काढावीत, पाणी मुरू देऊ नये. अंदाजानं भिंती उभारल्या तर तो महाराजांचा वाडा नसेल, आपला अंदाज असेल.

बाबा म्हणतात, निदान छप्पर तरी घाला. त्यावर मात्र मला चटकन उत्तर देता येत नाही. उघड्या भिंतीत पाणी शिरतंच, इथेही आणि तिथे तर कोकणातल्या पावसात विचारायलाच नको.