सांथ आणि समाज : लोक असे कां वागतात?

एके काळीं आपल्या घरांतून लग्नमुंजींची व जन्ममृत्यूंची आठवण सनावळीवरून ठेवीत नसत, ती संकटांवरून ठेवीत. "प्लेगच्या पहिल्या वर्षीं थोरलीचें लग्न झालें," किंवा "इन्फ्ल्यूएंझाच्या सालीं घरचा कर्ता पुरुष गेला," असें बोलणें जुन्या पिढीच्या तोंडीं सहज येई. २०२० सालच्या करोनानंतर आपणही "टाळेबंदीच्या आधीं" आणि "टाळेबंदीनंतर" असें बोलूं लागलों आहों. मोठी सांथ समाजाच्या स्मृतींत अशी घर करून राहते. परंतु ती ओसरूं लागली, कीं एक वाक्य आपण न चुकतां उच्चारतों. तें असें, "लोकांनीं ऐकलें नाहीं, लोक अडाणी, म्हणून एवढा अनर्थ झाला." हें वाक्य उच्चारण्यास सोपें आहे, आणि उच्चारणारास त्यांत एक प्रकारचें समाधानही मिळतें, कारण "लोक" या शब्दांत तो स्वतःस कधींच धरीत नाहीं. तें कितपत खरें, याची परीक्षा आज करावयाची आहे.

रोगाचा जंतु कोणता, हें सूक्ष्मदर्शक यंत्र सांगतें. पण तो जंतु एका पेठेंत आधीं आणि दुसरींत मागाहून कां शिरला, एका चाळींत दहा बळी कां घेतले आणि समोरच्या बंगल्यांत एकही कां घेतला नाहीं, लोकांनीं रोगी लपविले कां, पळाले कां, या प्रश्नांचीं उत्तरें त्या यंत्रापाशीं नाहींत. त्यांसाठीं भाडें, मजुरी, धान्याचा व्यापार, राहत्या खोल्या, जातिपातीचे निर्बंध आणि सरकारवरील विश्वास यांचा हिशेब मांडावा लागतो. हें काम अर्थशास्त्राचें व समाजशास्त्राचें. तें कसें चालतें, हें पाहण्यासाठीं आपल्याच प्रांतांतील उदाहरण पुरेसें आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. आरंभींच तो मांडवींतच कां दिसावा? त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीं सारा दोष घाणीस व तुंबलेल्या गटारांस दिला, आणि गटारें धुण्याचा व घरांस चुना फांसण्याचा सपाटा लाविला. घाण तर शहरांत इतरत्रही होती. मांडवीचें वैशिष्ट्य दुसरें होतें. ती बंदरालगतची धान्याची पेठ. खालीं पोत्यांनीं भरलेल्या वखारी आणि वर दाटीवाटीनें राहणारीं माणसें, अशी तेथील घरांची रचना. जेथें धान्य तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें त्यांच्या अंगावरील पिसवा. १८९८ सालीं कराचीस पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें पिसूमार्फत प्लेग पसरतो, हें प्रयोगानें दाखविलें; १९०५ पासून काम करूं लागलेल्या प्लेग-संशोधन-मंडळानें मुंबईंत त्याची पक्की खात्री करून घेतली. म्हणजे जंतूचा मार्ग व्यापाराच्या मार्गावरूनच जात होता. पेठेचा नकाशा हाच रोगाचा पहिला नकाशा होता.

आतां लोकांच्या वागण्याकडे वळूं. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आंत-बाहेर होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यांपैकीं जवळजवळ निम्मी माणसें शहर सोडून गेलीं. जे राहिले त्यांनीं रोगी माळ्यावर लपविले, मृत्यूचें कारण भलतेंच सांगितलें, आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें एक हजार गिरणी-कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. वरवर पाहणारास हा सारा वेडाचार वाटेल. पण त्या कामगाराच्या जागीं उभे राहून हिशेब करूं. घरांत कोणास गांठ आली, हें त्यानें कळविलें, तर काय होई? रोगी सक्तीनें नेला जाई. आणि इस्पितळांत नेलेल्यांपैकीं फारच थोडे परत येत, कारण बहुतेकांस अगदीं शेवटच्या अवस्थेंत तेथें पोहोंचवीत. घरांतील कपडे व अंथरुणें जाळलीं जात. मजुरी बुडे. स्त्री असली तर परपुरुषानें अंगास हात लावून तपासण्याची नामुष्की पदरीं येई. बाटल्याचा प्रवाद उठे तो वेगळाच. उलट कळविल्यानें कोणाचा लाभ? शेजाऱ्यांचा, शहराचा. तोटा सारा सांगणाराच्या माथीं, लाभ मात्र इतरांचा, अशी जेथें व्यवस्था असते, तेथें शहाणा मनुष्यही गप्प बसतो. अर्थशास्त्राचें हें अगदीं साधें तत्त्व आहे. आणि ज्यांस आपण अडाणी म्हणतों, त्यांस तें पुस्तकावांचून कळत होतें.

त्यांस तें कळत होतें, याचा आणखी एक पुरावा आहे. मजूर निघून गेल्यामुळें गिरण्यांचे सांचे थांबूं लागले, तेव्हां मागें राहिलेल्या कामगारांनीं महिनाअखेरच्या पगाराची वाट पाहण्याचें नाकारून रोजच्या रोज मजुरी मागितली. आणि नाक्यानाक्यांवर गिरणीवाल्यांच्या माणसांनीं चढाओढीनें त्यांच्या मजुरीची बोली लावली. भीतीनें बुद्धि गमावलेला जमाव असा व्यवहार करूं शकत नाहीं. जिवावरच्या जोखमीचें मोल त्यांनीं बरोबर ओळखलें होतें.

पुण्याची कथा वाचकांस ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि रँडसाहेबांच्या हातीं पुण्याचा कारभार आला. गोरे शिपाई घरोघर शिरले. देवघर व माजघर यांचा विधिनिषेध राहिला नाहीं. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरबंधूंनीं रँड यांजवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वश्रुत आहे. आपल्या प्रस्तुत विषयास उपयोगी गोष्ट निराळी आहे. त्याच शहरांत लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें हिंदूंसाठीं प्लेगचें स्वतंत्र इस्पितळ निघालें, आणि तेथें लोक आपण होऊन रोगी नेऊं लागले. मुंबईंतही निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं इस्पितळें काढलीं, तेव्हां लपवालपवी कमी झाली. त्याच पुण्याच्या परिसरांत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां स्वतः प्लेगच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. १० मार्च १८९७ हा त्यांच्या मृत्यूचा दिवस. लोकांचा विरोध औषधास नव्हता, उपचारासही नव्हता. परक्या हातांनीं, आपल्या माणसांपासून तोडून, न विचारतां केलेल्या उपचारास तो होता. पुढें सरकारनेंही सक्ती सैल केली. खेड्यापाड्यांतून तर "उंदीर पडले" म्हणतांच गांवकरी स्वतः घरें सोडून रानांत झोपड्या घालीत; आणि हा उपाय शास्त्रशुद्ध होता, हें पिसूचा शोध लागल्यावर सिद्ध झालें.

आतांपर्यंतचें विवेचन ऐकून सुशिक्षित वाचकास बरें वाटेल, कारण दोष परकीय सरकारचा ठरला. परंतु संशोधनाचा आरसा एकाच दिशेस धरून भागत नाहीं. १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें घेऊन गेला. मुंबईंत ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशीं ७६८ मृत्यु नोंदले गेले. तो ताप राजवाड्यांत शिरला तसा झोपडींतही शिरला, असें आपण म्हणतों. आणि शिरण्यापुरतें तें खरेंही आहे. पण मुंबईंतील मृत्यूंचे आंकडे समाजवार मांडले, तेव्हां चित्र असें दिसलें : दर हजारीं युरोपियन ८.३, पारशी ९.०, सवर्ण हिंदु १८.९, आणि ज्यांस त्या काळीं हलक्या जातींचे लेखीत, त्यांचे मृत्यु ६१.६. जंतु एकच, हवा एकच, शहर एकच. आणि मरणाचें प्रमाण सवर्णांच्या तिपटीहून अधिक! हें अंतर जंतूनें निर्माण केलेलें नव्हतें. दाटीच्या खोल्या, अपुरें अन्न, आणि तापांत अंथरुणावर पडून राहण्याची ऐपत नसणें, यांनीं तें निर्माण केलें होतें. कोणीं कोणत्या वस्तींत राहावें, कोणत्या विहिरीवर पाणी भरावें, कोणतें काम करावें, हें ज्या समाजव्यवस्थेनें ठरविलें होतें, तिच्यांत आपल्या घरांचे पूर्वजही सुखानें नांदत होते, हें विसरतां येत नाहीं.

त्याच सांथींत आणखी एक गोष्ट संशोधकांच्या ध्यानीं आली. हिंदुस्थानांत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक प्रमाणांत दगावल्या. याचें स्पष्टीकरण शोधण्यास घराबाहेर जाण्याचें कारण नाहीं. घरांत सर्वजण आडवे झाले असतां उशापायथ्याशीं कोण बसतें? काढा कोण करतें, आणि सर्वांच्या मागाहून, उरलेंसुरलें कोण जेवतें? त्या वर्षीं पाऊस बुडाला होता, धान्य महाग झालें होतें. मग शेवटच्या पंगतींत काय उरलें असेल, याची कल्पना करवते. आंकडे मूक असतात खरे, परंतु त्यांच्या मागें एखाद्या माजघराचें दार असतें.

या गोष्टी जुन्या झाल्या, असें कोणी म्हणेल. २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत इबोला रोगानें कहर केला; अकरा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. प्रेतास हात लागला तरी तो रोग जडतो. म्हणून प्रेतें पिशव्यांत घालून, नातलगांस दूर सारून त्यांची वासलात लावण्यांत येऊं लागली. लायबेरियांत तर दहनाचा हुकूम निघाला, आणि पुरण्याची चाल असलेल्या लोकांनीं प्रेतें लपविण्यास आरंभ केला. मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनीं तेव्हां सांगितलें, कीं मृताची अखेरची सेवा हें या लोकांचें कर्तव्य आहे. तें हिरावून न घेतां सुरक्षित कसें करतां येईल, हें त्यांनाच विचारा. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेनें "सुरक्षित व सन्मानपूर्वक" अंत्यविधीचे नियम घालून दिले. त्यांत कुटुंबीयांस उपस्थितीची व प्रार्थनेची मुभा होती. मांडवी व पुणें येथें जें उमगण्यास रक्त सांडावें लागलें, तेंच एकशें सतरा वर्षांनंतर पुन्हां शिकावें लागलें.

आणि करोना तर आपल्या डोळ्यांदेखतचा. जुलै २०२० मध्यें मुंबईच्या तीन विभागांत नीती आयोग, महानगरपालिका व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनीं मिळून रक्ततपासणी केली. झोपडपट्टींतील शेंकडा ५७, तर इतर वस्तींतील शेंकडा १६ जणांच्या रक्तांत रोग होऊन गेल्याची खूण सांपडली. "घरांत राहा, अंतर ठेवा," हा उपदेश दोहोंस सारखाच होता. पण ज्या वस्तींत अनेक कुटुंबांचें शौचकूप एकच, आणि एका खोलींत सारा संसार, तेथें अंतर ठेवावयाचें तें कोठें? शहरांतील मजूर त्या उन्हाळ्यांत शेंकडों मैल पायीं चालत गांवीं निघाले, तेव्हां "यांना कांहीं समजत नाहीं," असें आपल्या दिवाणखान्यांतून म्हटलें गेलें. रोजची मजुरी थांबलेल्या, भाड्याच्या खोलींत कोंडलेल्या मनुष्यास आपलें गांव हाच एक आधार असतो, हें त्यांस पक्कें समजत होतें. १८९७ त मुंबई सोडणारांसही तेंच समजलें होतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. समजून घेणें म्हणजे समर्थन करणें नव्हे. रोगी लपविल्यानें प्लेग पसरला, हें खोटें नाहीं. लसीविषयींच्या भलत्यासलत्या कंड्यांनीं माणसें दगावलीं, हेंही खोटें नाहीं. हाफकिनसाहेबांनीं जानेवारी १८९७ मध्यें प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, त्या धैर्याचें मोल कोणत्याही सामाजिक मीमांसेनें कमी होत नाहीं. औषधाची जागा समाजशास्त्र घेऊं शकत नाहीं. परंतु औषध रोग्यापर्यंत कां पोहोंचत नाहीं, हें तेंच सांगूं शकतें. आणि न पोहोंचलेलें औषध कुपींतच राहतें.

तेव्हां आपल्यापुरता याचा उपयोग काय? आपल्या घरीं भांडीं घासण्यास येणारी बाई अंगांत ताप असतां तो लपवून कामास येते, आणि मागाहून कळल्यावर आपण रागावतों. पण तिनें खरें सांगितलें असतें, तर तिचे किती दिवसांचे पैसे आपण कापले असते? घरांतील धाकटी सून चार दिवस खोकला दाबून स्वयंपाक करते. तिनें सांगितलें असतें, तर तें काम कोणीं उचललें असतें? जेथें खरें सांगण्याची शिक्षा सांगणारासच भोगावी लागते, तेथें सांथ आपल्याच उंबऱ्याआड वाढते. पुढची सांथ केव्हां येईल, हें कोणीही ज्योतिषी सांगूं शकणार नाहीं. मात्र आजारपणाच्या दिवसांचा पगार न कापण्याचा निश्चय, आणि आजारी पडलेल्या सुनेच्या हातचें काम वांटून घेण्याची रीत, या दोन गोष्टी ती येण्याची वाट न पाहतां ह्याच महिन्यापासून घरांत सुरू करतां येतील. "लोक असे कां वागतात?" हा प्रश्न विचारूं लागल्यावर "आम्हीं त्यांस दुसरा कोणता मार्ग ठेविला होता?" हा प्रश्न ओघानेंच येतो, आणि त्याचें उत्तर देण्याचें काम आपलें आहे.