न दुखणारी गाठ

गतवर्षी दिवाळीच्या सुटीपूर्वी पालकसभा आटोपल्यावर नववीतील एका मुलीच्या आई आमच्यासाठी थांबल्या. देवळी तालुक्यात शेतमजुरी करणाऱ्या. त्यांनी मोबाइलवरील संदेश दाखविला. स्तनातील गाठ दुखत नसेल तर ती चरबीची समजावी, हळद व कडुनिंबाच्या लेपाने ती विरघळते, सुई टोचून तपासल्यास मात्र कर्करोग अंगभर पसरतो, असे त्यात होते. सात महिने त्या लेप लावीत होत्या. गाठ दुखत नव्हती म्हणून निश्चिंत होत्या. आता काखेतही काही हाताला लागत होते.

यातील एकही विधान खरे नाही. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरे. परंतु जी असते ती सुरुवातीस बहुधा दुखत नाही, आणि तेथेच फसगत होते. बायोप्सीने रोग पसरत नाही. उलट ती केल्याखेरीज गाठ कसली हे निश्चित कळत नाही.

असल्या कथा केवळ खेड्यांतच फिरतात असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगावर हळद, कडुनिंब व आहारातील पथ्याने मात केल्याचे सांगितले. चित्रफीत देशभर गेली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना निवेदन काढून सांगावे लागले की, या दाव्यास भक्कम पुरावा नाही, उपचार लांबवू नका. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालीच होती. चित्रफीत आमच्याकडे न मागता आली. निवेदन मात्र आम्हांला शोधून वाचावे लागले.

त्याच टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हातांनी तपासणी केली. सोबत रोगाची माहिती दिली. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. तपासणाऱ्या त्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. आमच्या कितीतरी माजी विद्यार्थिनी आज परिचारिका आहेत, आशा सेविका आहेत; हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आपल्या जिल्ह्यात रुग्णालयांची वाण आहे काय? सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. तरीही त्या माउलीपर्यंत लेपाची माहिती आधी पोहोचली, कारण ती मराठीत होती आणि ओळखीच्या माणसाकडून आली होती.

कोणाकडून आली, हे आम्ही विचारले. पालक व माजी विद्यार्थ्यांच्या ज्या गटाचे आम्हीही सभासद आहोत, त्यातूनच. मागे जाऊन पाहिले. संदेशाखाली अकरा जणांनी हात जोडले होते. सांगणारा कोण, त्याचे शिक्षण काय, तो काही विकतो काय, एकानेही विचारले नव्हते. कागदपत्राची साक्ष तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये, असे वर्गात वर्षानुवर्षे शिकविणारे आम्ही त्या अकरांत होतो.

बाईंची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू आहे. मुलगी दर रविवारी घरी जाते. गटावरील तो संदेश खोटा असल्याचे आम्ही त्याच गटावर लिहिले आहे. त्याखाली आतापर्यंत चौघांनी हात जोडले आहेत.